येळवशीची खुन्नस

मार्गशीर्ष लागला की निलंग्यात सगळ्यांना थंडी वाजते आणि मला राग येतो.

नवऱ्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला की येतो तो राग वेगळा. तो चहाच्या कपाबरोबर उतरतो. हा मार्गशीर्षातला राग ज्वारीसोबत वाढतो. ती गुडघ्याला लागते तेव्हा हा कुठंतरी पोटात असतो, ती पोटरीत येते तेव्हा हा गळ्याशी आलेला असतो. आणि येळवशीच्या आधीच्या बाजाराला माझ्या मेडिकलच्या पायरीसमोर बाया तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, पातीचा कांदा घेऊन बसल्या, की त्या हिरव्या वासानं माझं डोकं असं भणभणतं, की गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागतं आणि मी पित्ताचं काढून ठेवते. 'अक्का, तब्येत बरी हाय ना?' लोक विचारतात. बरी हाय बाबा. झकास हाय. मनात खुन्नस धरलेल्या माणसाला सर्दीसुद्धा होत नाही, हे मी औषधं विकून विकून शिकले आहे.

येळवस म्हणजे कॅलेंडरवरची वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी अख्खी गावं कुलूप लावून शेतात जातात. बाजारपेठ अशी ओस पडते, की परगावचा माणूस एसटीतून उतरला तर त्याला वाटावं, काही दंगलबिंगल झाली की काय. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप घालायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबिलीचे शिंतोडे उडवत शेताला फेरी मारायची आणि मग जेवायला बसायचं. बेसन नि चिंचेच्या कोळात शिजलेली दुनियाभरच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, मडक्यातली गार आंबील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पायवाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, 'या जेवायला!' ओळखीचा असो नसो. ज्याला शेत नाही त्याचंही त्या दिवशी कुठलं ना कुठलं शेत असतं. उपाशी कुणी जात नाही. आणि पेल्यात ओतलेली आंबील कुणी टाकत नाही, पिऊनच उठायचं.

एक मुलगी गेली होती उपाशी. त्याचा हा राग आहे.

त्या मुलीकडं जायच्या आधी अप्पाचं सांगते. आता मी त्यांना 'अरे अप्पा' म्हणते, मनातल्या मनात का होईना. तेव्हा 'अप्पा, अप्पा' करताना माझी जीभ थकत नव्हती. लातूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवून रिटायर झालेला माणूस. पांढरेशुभ्र केस, आवाज मधासारखा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. मोठमोठ्या कंपन्यांच्या ॲपवर आपली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आपलं गुपित विकलं जातं, म्हणून त्यांनी आपल्या भागातल्या लोकांसाठी स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला होता. नाव ठेवलं 'शिवार'. असे ठिकठिकाणचे छोटे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, त्यांचं मिळून एक जाळं. उदगीर, औसा, नांदेड, धर्माबाद, कुठकुठली माणसं तिथं येऊन बसायची. पावसाच्या, पिकाच्या, परीक्षेच्या गप्पा. मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिथंच पडीक असायची.

एका येळवशीला अप्पांनी सगळ्यांना आपल्या शेतावर बोलावलं. त्या दिवशी मला त्या जाळ्याचं मर्म समजलं, आणि ते मला अप्पांनीच समजावलं, हे नाकारून कसं चालेल? मी विचारलं होतं, 'अप्पा, हे विकेंद्रित विकेंद्रित म्हणता ते नेमकं काय हो? मला काय कळंना गेलंय.' ते मला हाताला धरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर घेऊन गेले. समोर लांबपर्यंत कोपीच कोपी.

'बघा अक्का, परतेकाचं शेत येगळं. चूल येगळी, भज्जीची चव येगळी. पण पायवाट सगळ्यांची. कुणीबी कुणाच्या कोपीत जाऊन जेवतंय का न्हाई? आपलं जाळं असंच हाय. एकाच मालकाच्या मंगल कार्यालयात सगळ्या दुनियेची पंगत, असं न्हाई.'

'आणि एखाद्याच्या शेतात दारू नि शिवीगाळ सुरू झाली तर?'

'तर आपल्या बाजूनं त्या वाटेवर काट्या लावायच्या,' अप्पा हसून म्हणाले. 'त्याचं शेत त्याला लखलाभ. आपल्याकडं यायचं न्हाई, आपण जायचं न्हाई.'

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. अप्पांनी ठेवलं नाही.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं की आजपासून शिवाराची राखण अक्का करतील. म्हणजे मी मॉडरेटर. नको ते लिहिलेलं काढायचं, भांडणं सोडवायची, फारच मातला तर त्याचं खातं बंद करायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला अगदी भरून आलं. मी विचारलं, 'नियम कुठं लिहिलेत?' अप्पा म्हणाले, 'अहो, आपण कुटुंब हाव. घरात कुणी नियम लिहून ठेवतं का?' मला ते काय सुंदर वाटलं होतं! आता कुणी कुठंही 'आपण कुटुंब आहोत' म्हणालं की मी आधी दार कोणत्या बाजूला आहे ते बघून घेते.

राखणीचं काम मला आवडायचं. काउंटरवर एका हातानं गोळ्यांचं पाकीट कापायचं आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर कुणाचं तरी भांडण मिटवायचं. लातूरवाले नि नांदेडवाले कोचिंग क्लासवरून जुंपले की मी दोघांनाही गप करायची. सकाळी सकाळी गुलाबाची चित्रं पाठवणाऱ्यांना माफ करायची. पण एकानं लिहिलं, की मेथीचं पाणी प्या आणि इन्सुलिन सोडून द्या, तेव्हा मी त्याचं लिखाण तर काढलंच, वर त्याला खाजगीत असा झापला की पुन्हा त्यानं साध्या कोथिंबिरीवरही लिहिलं नाही. मला लोक तापट म्हणायचे. असेन. राखणदार गोड बोलायला लागला की पाखरं कणसावर बसतात.

आणि मग शिवारात लावण्या आली.

खरं नाव तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ती 'वरणफळ' या नावानं लिहायची. देगलूरची पोर, नांदेडला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकणारी. लिहायची काय, वा! एका ओळीत मराठी, मध्येच तेलुगू, शेवटाला दखनी. मेसमधल्या वरणात डाळ शोधायला टॉर्च लागतो, असं लिहायची. वॉर्डातली एखादी म्हातारी इंजेक्शनच्या भीतीनं रामरक्षा उलटी म्हणायची, तेही लिहायची. आधी कुणी वाचेना, मग तिच्या लिहिण्याची लोक वाट बघायला लागले. मला ती 'अक्का' म्हणायची. तशी सगळेच म्हणतात, पण तिच्या अक्काला वेगळी गोडी होती.

येळवस आली तशी शिवारात 'या जेवायला'ची गर्दी झाली. आमची खोडच ती. शेताची वाट, फाटा, कुठल्या बाभळीपासून वळायचं, सगळं जगजाहीर लिहायचं. निमंत्रण चोरून द्यायचं नसतं, असं आमच्या हाडात बसलेलं. वरणफळ म्हणाली, 'अक्का, आमच्या हिकडं एवढी येळवस करत न्हाईत. मी कधी कोप पाहिलीच न्हाई.' मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'मग ये की! निलंग्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतर. तिथं मी माणूस पाठवते.' तिनंही सगळ्यांसमोर लिहिलं, की येऊन राहिले, सकाळच्या गाडीनं, पिवळी ओढणी असेल.

मी पहाटेपासून भज्जी ढवळत होते. नवऱ्याला फाट्यावर पाठवलं. तो तिथं पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

अप्पाचा भाचा, बंटी त्याचं नाव. शिवारात तो लोकांना सतत टोमणे मारायचा, मी दोनदा समज दिली होती. तो दोस्तांना घेऊन आधीच फाट्यावर जाऊन उभा होता. लावण्या एसटीतून उतरली तशी तिच्यासमोर मोबाईल धरला. 'वरणफळ आलं बघा, वरणफळ!' ती बाजूला होतेय, हे वाट अडवतायत. आणि तोंडानं काय म्हणून राहिले? 'या जेवायला! या ना जेवायला!' आमचं हे बोलावणं, आमच्या दारचं, ते त्या टोळक्यानं शिटी मारल्यासारखं म्हटलं. ती ओढणीनं तोंड झाकून मागं वळली, एका मालवाहू टेम्पोला हात करून बसली नि निघून गेली. पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी तो व्हिडिओ शिवारात टाकला. वर नाव दिलं, 'फाट्यावरची पाहुणी'.

मी तो शेतात उभ्या उभ्या बघितला. हाताला बेसन होतं, मोबाईलची काच बरबटली. व्हिडिओ काढून टाकला, बंटीचं खातं कायमचं बंद केलं आणि अप्पांना फोन लावला. उचलला नाही. पाहुणे असतील, म्हटलं. जेवण झालं की बघतील.

सूर्य बुडताना शेताशेतातून लोक हेंडगे, म्हणजे कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन धुऱ्यानं फिरत होते, ज्वाळा पुढं-मागं हलत होत्या, आणि माझ्या मोबाईलवर बंटीचं खातं पुन्हा चालू झालं. व्हिडिओही परत. आणि माझी राखणीची चावी, म्हणजे पासवर्ड, चालेना. खाली अप्पांचा निरोप, साऱ्या शिवाराला उद्देशून: 'गंमत होती. सणाचा दिवस आहे. अक्का थोड्या तापट आहेत, त्यांना सध्या आराम देऊ. आपण कुटुंब आहोत, समजून घ्या.'

त्याच्याखाली लोकांनी हात जोडले होते. कितीतरी हात. त्यातले काही माझ्या दुकानातून उधारीवर औषधं नेणारे हात होते.

वरणफळाचं खातं तोवर पुसलं गेलं होतं. तिनंच पुसलं. तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट मी बैलांपुढं ठेवलं आणि कोपीच्या मागं जाऊन रडले. दुःखानं रडले असं कुणी समजू नये. हात पोचत नाही म्हणून येतं ते रडू.

पुढं कळलं की तो व्हिडिओ फिरत फिरत देगलूरला तिच्या घरी पोचला. बाप म्हणाला, बास झालं शिक्षण. तिनं मला शोधून फोन केला, 'अक्का, मला घेऊन जाऊन राहिले घरी.' मी उदगीरमार्गे देगलूरची एसटी पकडली. त्यांच्या ओट्यावर बसून तिच्या बापाला म्हणाले, 'दादा, तुमच्या पोरीनं जेवायचं निमंत्रण घेतलं, दुसरं काय केलं? निमंत्रण माझं होतं. शिक्षा करायची तर मला करा.' त्यानं आत वळून सांगितलं, 'चाय ठेव अक्काला.' लावण्याचं शिक्षण वाचलं. पण लिहिणं थांबलं, आणि त्या फाट्यावर पाय ठेवायचं तिनं नाव काढलं नाही. दर मार्गशीर्षात मी बोलवायची, ती म्हणायची, 'पुढल्या साली बघू अक्का.'

मग मी कामाला लागले.

लोकांना वाटतं, सूड म्हणजे आरडाओरडा. छे! सूड म्हणजे अभ्यास. मी, जिला दुकानाचं बिल काढायचं मशीन बंद पडलं की घाम फुटायचा, ती सर्व्हर कसा उभा करायचा ते शिकले. नवरा म्हणायचा, 'तू डोळे फोडून घेशील.' फुटले नाहीत. 'आगटी' उभी राहिली. हुरडा भाजायला शेणकुटाचा विस्तव करतात आणि भोवती गोल बसतात, ती आगटी. गोलात पहिला शेवटचा कुणी नसतो, म्हणून ते नाव. अप्पांनी नियम लिहिले नव्हते, मी आधी नियम लिहिले, माणसं नंतर घेतली. सगळ्यात वर एकच: बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. कारण मला सारखी एक शंका यायची. बोलले नव्हते कुणाला, पण यायची.

आणि चावी मी एकटीकडं ठेवली नाही. कॅनॉलच्या पाण्याची असते तशी बारी लावली. ज्याची बारी तो निकाल देईल, दुसऱ्यानं मध्ये पडायचं नाही, मीसुद्धा नाही. हा काही माझा मोठेपणा नव्हे. माझ्या हातात सगळं दिलं तर मी काय करेन हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून.

आमच्याकडं पुढारी म्हणजे चौकातला फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. माणसं गेली तरी फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत राहतो. या जाळ्यात मात्र एक भलतीच गोष्ट आहे, ती पुढाऱ्यांना फार उशिरा कळते. इथं माणूस नाराज झाला तर आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या सर्व्हरवर जातो आणि त्याचं ऐकणारी माणसंही त्याच्याबरोबर येतात. धरून ठेवता येत नाही कुणाला. मी एकालाही 'चला' म्हणाले नाही. बंटीचं तोंड सुटलेलं होतंच, आणि त्याला अडवायला आता कुणी नव्हतं. आधी बाया उठल्या. मग शिकणारी पोरं. मग एक दिवस ते हात जोडणारे. आगटीवर आले नि म्हणाले, 'अक्का, तेव्हा आमच्या लक्षात आलं न्हाई.' मी म्हणाले, 'या, बसा. नियम वाचा आधी.'

तिथंच मी थांबले असते तर लोकांनी मला साध्वी म्हटलं असतं. मी थांबले नाही. लावण्याला विचारून, तिचा चेहरा झाकून, मी तो व्हिडिओ आणि अप्पांचा तो निरोप दुसऱ्या सर्व्हरांच्या राखणदारांना पाठवला. एक शिवी नाही, एक विशेषण नाही. एवढंच लिहिलं: असं घडलं, असा निकाल झाला, तुमचं तुम्ही ठरवा. पुण्याकडच्या एका सर्व्हरनं पहिली काटी लावली. त्या दिवशी मी घरात शिरा केला. नवरा म्हणाला, 'आज काय?' म्हटलं, 'काही नाही, गोड खावंसं वाटलं.' मग नागपूरकडून बंद झालं, मग कुठून कुठून. अप्पांनीच शिकवलेलं, आपल्या बाजूनं काट्या लावायच्या. शिवार तिथंच होतं, कुणी पाडलं नाही, कुणी पेटवलं नाही. फक्त त्याच्याकडं जाणारी एकेक वाट बुजली.

अप्पा रोज सकाळी तिथं 'शुभ सकाळ शिवारकर' लिहायचे. मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधी ते बघायची. खाली कुणी काही लिहिलेलं नसायचं. मग मी शटर वर करायची. इतकं हलकं जायचं ते!

आगटीवरचं एक शहाणं माणूस मला म्हणालं, 'अक्का, मॉडरेटरनं मनात सूड धरू नये. तटस्थ असावं.' मी त्याला विचारलं, 'नियमाबाहेर माझं एक पाऊल पडलेलं दाखव.' त्याला दाखवता येईना. 'मग नियमात राहून मला आनंद झाला, तर तो तुझ्या बापाच्या शेतातून चोरला का?' पण मी विचार केला त्याच्या बोलण्याचा, केला नाही असं नाही. तटस्थ होते ते अप्पाच. दोन्ही बाजू त्यांना सारख्याच होत्या: एकीकडं वाट अडवणारा भाचा, दुसरीकडं वाट अडलेली पोर. सारखं अंतर राखून उभा राहिला मधासारख्या आवाजाचा माणूस. तसलं तटस्थपण मला मरेस्तोवर जमू नये.

या साली थंडी लवकर पडली. हरभऱ्यावर आंब धरली, बोटं लावली की आंबट. आणि ज्वारी पोटरीत आली त्या आठवड्यात आगटीवर प्रवेशाचा एक अर्ज आला. आम्ही येणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, इथं का यायचंय? उत्तरात लिहिलं होतं, 'बोलायला कुणी उरलं नाही.' खाली अप्पांचं नाव.

काय सांगू! मी दुकानात खुर्चीवर मागं टेकून बसले आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. गिऱ्हाईक म्हणालं, 'अक्का, क्रोसिन.' म्हटलं, 'थांब जरा.' दया आली का? आली, डासासारखी, कानाशी गुणगुणली. मी टाळी वाजवून मारली. त्या आठवड्यात बारी माझी नव्हती. बारी देगलूरच्या लावण्याची होती. ती आता लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, पुन्हा वरणफळ नावानं लिहायला लागली आहे, आणि आगटीच्या राखणदारांपैकी एक आहे. मी तिला फोन केला. ती म्हणाली, 'पाहिला अर्ज. राहू द्या तसाच.' मग म्हणाली, 'अक्का, ह्या साली येऊ का मी येळवशीला?'

फाट्यावर या वेळी मीच गेले. गाडी थांबली, ती उतरली. ओढणी पिवळीच होती, मुद्दाम. तिनं एकदा सगळा रस्ता, ती बाभूळ, ती टपरी बघून घेतली. मला वाटलं, आता रडते की काय. म्हणाली, 'चला अक्का, लई भूक लागून राहिली.'

पूजा झाली. शेताला फेरी मारून झाली. मी तिची पत्रावळ घेतली, भज्जीत पळी घातली, आणि पायवाटेवरून पांढरे केस येताना दिसले. आधी शेजारच्या कोपीतून हाक गेली, 'या जेवायला!' त्यांनी हात जोडले आणि सरळ आमच्या कोपीकडं वळले. हुशार माणूस. अर्जाला उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांनी नेमका असा दिवस निवडला, ज्या दिवशी दारातून कुणाला परत लावता येत नाही.

लावण्या हळूच म्हणाली, 'पाहुण्याला आधी बसवा. मी वाढते.' फोटोवरून तिनं ओळखलं होतं.

अप्पा मांडी घालून बसले. वाळले होते, पण आवाज तोच. 'अक्का, मनात राग धरू नका. वय झालं आता. बंटी तर शिवाराकडं फिरकत बी न्हाई, सगळा कचरा माझ्या गळ्यात टाकून गेला.' लावण्या उंडे वाढत होती, भज्जी वाढत होती. अप्पा चवीनं जेवत होते. 'लेकी, हाताला चव हाय बघ तुझ्या. कुणाची गं तू?'

'वाढणारी,' ती म्हणाली. 'घ्या अजून.'

मी म्हणाले, 'अप्पा, अर्जाचं विचारायला आलात ना? निकाल माझ्या हातात नाही. बारी हिची आहे.'

'होय का?' अप्पांनी तोंडभर हसून तिच्याकडं बघितलं. 'मग घे की गं लेकी आम्हाला. आपण काय परके हाव का? कुटुंबच की.'

लावण्यानं त्यांच्या पेल्यात काठोकाठ आंबील ओतली. मडकं खाली ठेवलं आणि समोर बसली.

'अप्पा, मी वरणफळ. फाट्यावरची पाहुणी.'

अप्पांचं हसू लगेच गेलं नाही, ते काय करावं न कळून तसंच राहिलं. 'तू... ती का?'

'तुम्ही मला ओळखलं न्हाई. माझं तोंड त्या व्हिडिओत दिसत होतं, अप्पा. अख्ख्या देगलूरनं ओळखलं. तुम्ही तो परत लावला, त्याच्याआधी बघितला होता का?'

माझ्या शंकेचं उत्तर समोर बसलं होतं. पेला हातात, नजर खाली. शेजारच्या कोपीत बाया हसत होत्या, ते ऐकू येत होतं.

'न्हाई बाळ,' अप्पा म्हणाले. 'बंटी म्हणाला, गंमत हाय. जेवण चालू होतं. बघितला न्हाई.'

'मग आता बघा,' ती म्हणाली. मोबाईल काढला नि त्यांच्यासमोर, भज्जीच्या पत्रावळीशेजारी धरला. आवाज मोठा केला. या जेवायला, या ना जेवायला. आमच्या कोपीत, पांडवांसमोर, तो आवाज पुन्हा घुमला. अप्पांनी एकदा मान फिरवली. तिनं मोबाईल तिकडं नेला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. त्या पोरीचं मागं वळणं, टेम्पोला हात करणं.

ते उठायला गेले. मी म्हणाले, 'अप्पा, आंबील. टाकायची नसते.'

त्यांनी पिली. घोट घोट करून सगळी पिली, मी उभी राहून बघितली. त्यांच्या गळ्याची शीर खालीवर होताना बघून मला जो काही आनंद झाला, तो मी कुणालाही वाटून देणार नाही. मग मी तिळाच्या पोळ्या कागदात बांधून त्यांच्या हातात दिल्या, कारण पाहुण्याला रिकामं लावत नाहीत. ते पायवाटेला लागले तसं प्रत्येक कोपीतून हाक येत गेली, या जेवायला, या जेवायला. दर हाकेला ते दचकत होते आणि हात जोडत होते.

ते बाभळीच्या पलीकडं गेल्यावर लावण्यानं हात पुसले आणि अर्ज उघडला. नामंजूर. कारण लिहायच्या जागी तिनं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं: 'अप्पा थोडे घाईत असतात, त्यांना सध्या आराम देऊ. आपण कुटुंब आहोत, समजून घ्या.'

बारी तिची होती.

मग ती मांडी घालून बसली, ओढणी मागं टाकली नि म्हणाली, 'वाढा आता.' मी वाढलं. उंडा कुस्करला, वर भज्जी ओतली, बाजूला खीर. ती खाली मान घालून जेवत राहिली. मग तिनं पत्रावळ पुढं केली आणि भज्जी परत मागितली.